प्रार्थनेत आठवण

रामहरी टँकरच्या केबिनमधून उतरला, चपला बाजूला काढल्या आणि त्याने आनंद उजागरेच्या पायांवर डोकं ठेवलं. सकाळचे साडेआठ वाजले होते. बारामतीच्या एमआयडीसीतल्या डेअरीच्या आवारात चार टँकर ओळीने उभे, कामगारांच्या मोटारसायकली गेटातून अजून आत येत होत्या, आणि हा प्रकार त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आनंदच्या एका हातात दुधाचा नमुना काढायचा लांब दांड्याचा डबा, दुसऱ्या हातात बाटली. त्याला धड वाकून रामहरीला उठवताही येईना. "अरे, अरे, हे काय," एवढंच तो म्हणत राहिला. रामहरी आपण होऊन उठला. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायची त्याला घाई नव्हती. "साहेब, पोरगी काल घरी आली. सवताच्या पायानं चालत आली. तुमी प्रार्थना केली आन् तिसऱ्या दिशी पेशी वाढाय लागल्या. डाक्टर म्हनला, आमी तर आशाच सोडली हुती. तुमच्या देवानं ऐकलं बगा." आनंदला आधी काही उमगेना. कसली प्रार्थना? मग उमगलं. त्याने प्रार्थना केलेलीच नव्हती.

बारा दिवसांपूर्वी रामहरी याच जागी आला होता, तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. नरसिंहपूरचा हा माणूस इंदापूरच्या शीतकरण केंद्रातून रोज दूध घेऊन यायचा आणि एरवी खाली उतरायच्या आधीच गेटवरच्या वॉचमनची टिंगल सुरू करायचा. त्या दिवशी तो केबिनच्या पायरीवर बसूनच राहिला. नऊ वर्षांची मुलगी, स्वरूपा. डेंगी. बारामतीतल्याच एका दवाखान्यात काचेपलीकडच्या खोलीत ठेवलेली, पेशी अकरा हजारांवर उतरलेल्या. "साहेब, तुमी देवाचं करनारं मानूस. तुमच्या देवाला सांगा की जरा," तो म्हणाला होता. आणि आनंदने बाटलीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता म्हटलं होतं, "हो हो, प्रार्थनेत आठवण ठेवतो." झालं. चर्चच्या मंडळीत हे वाक्य कोण कुणाला म्हणत नाही? फोन ठेवताना म्हणतात, लग्नाच्या मांडवात जेवणाचं ताट हातात असताना म्हणतात, मोबाईलवर तर नुसते जोडलेले दोन हात पाठवले की काम भागतं. "या एकदा घरी" असं म्हणावं आणि ऐकणाऱ्यानेही ते मनावर घेऊ नये, तशातली ही गोष्ट. त्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, हे ख्रिस्ती घरात वाढलेलं पोर आपसूक शिकतं. रामहरी कुठे शिकणार? त्याने ते शब्द होते तसे उचलले. त्याला वाटलं, साहेब आज घरी जाऊन आपल्या पोरीसाठी गुडघे टेकणार. साहेब घरी गेले, मटारची उसळ खाल्ली, बातम्या बघितल्या आणि झोपले.

"मी पन बोललो हुतो," रामहरी सांगत होता. "नरसिंहाला तर बोललोच, ते घरचंच हाय. पन म्हनलं, पोरगी उठली तर साहेबांच्या देवालाबी पाच नारळाचं तोरण. चालतं का तुमच्यात? का मेनबत्त्या लावू? ऐतवारी तुमच्या चर्चात येतो मी, कारभारनीला घिऊन. आन् तितं चार मानसांत सांगनार, ह्या मानसानं माझी पोरगी वाचवली." त्याच क्षणी आनंदने तोंड उघडायला हवं होतं. पण मागच्या टँकरचा हॉर्न वाजला, वजनकाट्यावरून कुणीतरी हाक मारली, आणि आनंदने मान हलवली. नुसती मान हलवायला काय लागतं? मग तो शिडीने टँकरवर चढला, झाकण उघडलं, दूध ढवळलं, वास घेतला, नमुना काढला. प्रयोगशाळेत येऊन यंत्राखाली बाटली धरली आणि आकडे बघत बसला. फॅट तीन पूर्णांक सात. तीन पूर्णांक सात. तो आकडा डोळ्यांसमोर असूनही रजिस्टरात उतरेना. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याचा एकच हट्ट होता, आणि त्यासाठी नवीन पोरं त्याला पाठीमागे हसायची: न घेतलेलं रीडिंग लिहायचं नाही. काल याच गाडीचं तीन पूर्णांक सात होतं म्हणून आज डोळे मिटून तेच लिहा, असं वरिष्ठांनी सांगितलं तरी त्याने लिहिलं नव्हतं. एकदा दोन तास वीज नव्हती तर अकरा गाड्या अडवून धरल्या होत्या आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. आणि आज न केलेल्या प्रार्थनेसाठी एका बापाला पाया पडू दिलं. त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्याने कारण नसताना हात धुतले.

नाही म्हणायला तो देवाचं करणारा माणूस होताच. तीन पिढ्यांची श्रद्धा त्याला आडनावाबरोबर मिळालेली. ती मागावी लागली नव्हती की निवडावी लागली नव्हती. दर रविवारी तो उपासनेत शास्त्रपाठ वाचायचा. त्याचा आवाज भारदस्त होता, शब्द स्वच्छ, आणि म्हाताऱ्या बायका उपासनेनंतर त्याचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "तू वाचलंस की काळजाला भिडतं रे." जेवणाआधी तो डोकं लववायचा. निजताना बायको विमलबरोबर ठरलेल्या शब्दांतली प्रभूची प्रार्थना म्हणायचा, एक दिवस चुकवायचा नाही. फक्त तो मागायचा नाही. आपल्या शब्दांत, कुणाचं नाव घेऊन, हे एवढं दे, असं त्याने एकोणिसाव्या वर्षानंतर देवाकडे काही मागितलं नव्हतं. हे कुणाला ठाऊक नव्हतं. आपण हे ठरवून केलंय हे खुद्द त्यालाही इतकी वर्षं नीटसं ठाऊक नव्हतं. माणूस घरातली एखादी खोली वापरायचं सोडून देतो आणि मग तिचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेही विसरतो, तसं झालं होतं. 

संध्याकाळी विमलला त्याने फक्त एवढंच सांगितलं की रामहरीची मुलगी बरी झाली. विमल कणीक मळत होती. ती थांबली आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "अहो, तुम्ही प्रार्थना करत होता तिच्यासाठी?" तिच्या आवाजात इतका आनंद होता की त्याच्याच्याने 'नाही' म्हणवेना. तीस वर्षांच्या संसारात तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्याच्या शेजारी डोळे मिटून बसताना तिला कुठेतरी एकटं वाटत असणार, हे त्याला त्या एका प्रश्नात कळलं. मुलगा अनय पहिल्यांदा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा ती म्हणाली होती, "आज तुम्ही करा ना प्रार्थना, तुमच्या शब्दांत," आणि तो म्हणाला होता, "तूच कर, तुला छान जमतं." आता ती त्याच्याकडे असं बघत होती की जणू तो लांबच्या प्रवासाहून परत आलाय. "रामहरीच म्हणतोय तसं," तो पुटपुटला. हे धड खोटंही नव्हतं आणि म्हणूनच जास्त वाईट होतं. शुक्रवारपर्यंत बातमी विमलकडून चर्चच्या पाळकसाहेबांच्या मिसेसकडे आणि तिथून पाळकसाहेबांकडे गेली. त्यांचा फोन आला. "उजागरे, रविवारी उपदेश मी आखडता घेतो. त्या बंधूंना बोलू दे, आणि मग तुम्ही साक्ष द्या, देवाने काय केलं ते सगळ्यांना सांगा. फार दिवसांत मंडळीत अशी साक्ष झाली नाही." आनंद "बघू" म्हणाला. "बघू काय? देवाचा महिमा आहे," पाळकसाहेब म्हणाले आणि शेवटी, सवयीने, "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हणाले.

शनिवारी त्याने रजा टाकली. विमलला म्हणाला, इंदापूरला जाऊन येतो, आणि स्कूटर काढली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, उन्हाला नुकती धार यायला लागलेली. काय सांगायचं ते तो वाटभर जुळवत होता. रामहरी, जरा गैरसमज झाला. रामहरी, मी विसरलो. पण तो विसरला नव्हता, हीच तर खरी अडचण. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना त्याला ती मुलगी आठवली होती. चौथ्या दिवशीही. दर वेळी त्याने आठवण बाजूला सारली होती, कारण मागावं आणि मिळू नये, याला तो अजून भीत होता. इंदापुरात तो एसटी स्टँडसमोर थांबला आणि चहा घेतला. या स्टँडवर त्याचे वडील ड्रायव्हर होते. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आनंद एकोणीस वर्षांचा होता. सोलापूरच्या इस्पितळाच्या जिन्याखाली, जिथे फरशी पुसायच्या बादल्या ठेवत, तिथे तो तीन दिवस उपाशी बसला होता आणि त्याने देवाला कबूल केलं होतं की वडील वाचले तर मी पाळक होईन, सगळं आयुष्य तुला देईन. चौथ्या दिवशी वडील गेले. चहाचा ग्लास हातात धरून आनंदला आता पहिल्यांदाच वाटलं, तोही नवसच होता की. रामहरीच्या पाच नारळांना आपण मनातल्या मनात हसलो, आणि आपण तर अख्खा माणूस बोललो होतो.

वडील गेल्यावर सगळ्यात जास्त राग त्याला आईचा आला होता. कौसल्याबाई, बालवाडीच्या बाई. भाकरी थापता थापता त्या मध्येच थांबायच्या, पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून डोळे मिटायच्या आणि नावं घ्यायच्या. बालवाडीतल्या पोरांची, शिपायाची, शेजारच्या गाभण शेळीची सुद्धा. तव्यावरची भाकरी करपायची. वडलांना पुरून आल्यावर आठ दिवसांनी त्या तशाच थांबल्या, तेव्हा आनंद ओरडला होता, "आता कशाला? दिलं का त्यानं काही?" आई डोळे उघडून त्याच्याकडे बघत राहिली. रागावली नाही. "घ्यायापुरतंच बोलते व्हय मी त्याच्याशी?" ती म्हणाली. "घरातलं मानूस हाय त्यो. तुझे आण्णा गेले म्हनून घरातल्या मानसाशी बोलायचं सोडू?" आणि करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली. आनंदला त्या वेळी हे बाईमाणसाचं भाबडं बोलणं वाटलं होतं. आई जाऊनही आता सहा वर्षं झाली. स्टँडसमोरच्या कळकट बाकड्यावर बसून त्याला वाटलं, आत्ता परत फिरावं. उद्या दोन शब्द बोलावेत, रामहरीला समाधान, पाळकसाहेबांना समाधान, विमलचा तो उजळलेला चेहरा. कुणाचं काय बिघडतंय? कुणाला कळणार आहे? आणि इथेच तो अडखळला. कारण कुणाला कळणार आहे याचं उत्तर त्याच्याजवळ होतं. गेले चार दिवस त्याला ज्याच्यासमोर लाज वाटत होती, तो रामहरी नव्हता आणि विमलही नव्हती. ऐकणारा कुणी नसताच, तर न केलेल्या प्रार्थनेचं एवढं ओझं कशाला झालं असतं? चौतीस वर्षं ज्याच्याशी अबोला धरला, तो इतका वेळ घरातच होता. आनंदला गहिवरून आलं. चहावाला म्हणाला, "काका, बरं वाटंना का?" तो म्हणाला, "वाटतंय," आणि स्कूटर नरसिंहपूरच्या रस्त्याला घातली.

रामहरीचं घर देवळाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वाटेवर होतं. दारात तुळस आणि टँकरचं एक जुनं टायर. रामहरीने त्याला बघितलं आणि त्याची धांदल उडाली. खुर्ची आण, पानी आण, चा ठिव. त्याची आई बनाबाई आतून डोक्यावरचा पदर सावरत आली आणि लांबूनच हात जोडून उभी राहिली. ओसरीवरच्या कॉटवर स्वरूपा भिंतीला टेकून बसली होती. हातावर सलाईनचे निळे-हिरवे डाग, गालांची हाडं वर आलेली, डोळे मात्र टकटकीत. आनंदने तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. इतके दिवस ती त्याला फक्त एक बातमी होती. तिच्या पायांत मोठ्या माणसाचे मोजे होते. "ह्येच ते सायेब," रामहरी तिला म्हणाला. "पाया पड." ती उठायला लागली तसा आनंद घाईने म्हणाला, "नको. रामहरी, आधी माझं ऐक. मला काहीतरी सांगायचंय." आणि वाटभर जुळवलेलं सगळं विसरून तो म्हणाला, "मी प्रार्थना केली नव्हती."

रामहरीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हनला?" 

"तुला करतो म्हणालो आणि केली नाही. एकदाही नाही. तू पाया पडलास तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. धीर झाला नाही."

रामहरी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्याने आईकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे, जिथे त्याची बायको चहाची कपबशी घेऊन येता येता थांबली होती. "मी गावभर सांगितलं की साहेब," तो हळू म्हणाला. "केंद्रावर सांगितलं. हिच्या मामाला सांगितलं." मग त्याचा आवाज चढला. "मी तितं काचंबाहीर बसलो हुतो. तीन दिस डोळ्याला डोळा न्हवता. तुमी करतो म्हनला, मंग त्या दिशी मी जरा पडलो. म्हनलं, आपला मानूस बोलतोय देवासंगं, आपुन घटकाभर पडू. आन् तुमी..." आनंद खाली मान घालून उभा राहिला. त्याने सबब सांगितली नाही.

खाली नदीकडे बायका कपडे आपटत होत्या, त्याचा आवाज येत होता. मग बनाबाई पुढे आली आणि उंबऱ्याशी बसली. "आरं रामहरी," ती म्हणाली, "मानूस उनातान्हाचं बारामतीवरनं आलंय. खोटं बोलाया आलंय का? खरं बोलाया आलंय. बसू दे त्याला." रामहरीने नाक ओढलं. त्याने खुर्ची आनंदकडे सरकवली आणि स्वतः जमिनीवर बसला. "न सांगता चाललं असतं की वो," तो म्हणाला. आता त्याचा राग उतरत होता आणि त्याला खरंच कोडं पडलं होतं. "कुनाला कळलं असतं?" त्याने विचारलं. आनंद म्हणाला, "त्याला ठाऊक होतं ना." रामहरीने मान डोलावली. हे त्याला लगेच पटलं. त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. "उद्या मंडळीत मी हेच सांगणार आहे," आनंद म्हणाला. "तू ये अगर नको येऊ. तुझं मन होईल तसं." 

"त्ये बघू उद्याचं," रामहरी म्हणाला. त्याने पोरीकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला. "सोमवारी परत रगत तपासाया न्यायचीय. डाक्टर म्हनलाय, आजून भ्या हाय. पेशी उतरत्यात म्हनं कदीकदी." त्याने घसा साफ केला. "मंग आता करा की. हितंच. मला ऐकायचीय."

आनंदने विचारलं नाही की आता करून काय उपयोग, किंवा तुमच्या घरात चालेल का. बनाबाईने स्वतःहून हात जोडले होते. बायको कपबशी खाली ठेवून दारात टेकली. आनंद कॉटजवळ गुडघ्यांवर बसला. गुडघे वाजले, ते सगळ्यांना ऐकू आलं. त्याने डोळे मिटले, आणि एवढ्या वर्षांचा तो भारदस्त वाचणारा आवाज कुठच्या कुठे गेला. "प्रभू," तो म्हणाला आणि थांबला. काही सुचेना. "प्रभू, मी आनंद." आपली ओळख करून द्यावी लागावी याचंही त्याला काही वाटलं नाही. "कौसल्याबाईचा. मी लई दिस आलो न्हाय." तो आईच्या बोलीत बोलत होता हे त्याच्या ध्यानात आलं नाही. "ही स्वरूपा. नऊ वर्षांची हाय. हितं कॉटवर बसलीय, पायात बापाचं मोजं घातल्यात. हिला राहू दे. मला भ्या वाटतंय मागाया, पन मी मागतो. हिला राहू दे. तू न्हाय म्हनलास तरी मी परत येनार हाय, तुला सांगून ठिवतो. पन हिला राहू दे." मग शब्द संपले आणि त्याला रडू आलं. जिन्याखालच्या बादल्यांजवळचं, चौतीस वर्षांपूर्वीचं, ते आता आलं. आमेन म्हणायचं त्याला सुचलंच नाही. आणि ही प्रार्थना कशी संपते, ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून कुणी उठलं नाही. रामहरी हात जोडून बसला होता, त्याची आई डोळे मिटून बसली होती, कपबशीतला चहा निवत होता. बऱ्याच वेळाने स्वरूपाने हात पुढे केला आणि त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली.

"काका, झालं का?"

"न्हाय," आनंद म्हणाला. "आजून न्हाय."